हाताची फेड

पनवेलच्या त्या क्लासात काचेच्या कपाटात एक रबरी हात ठेवलेला होता. आमच्या पोरीचं, स्नेहलचं नाव घालायला गेलो तेव्हा क्लासच्या आशालता मॅडमनी तो आमाला मुद्दाम दाखवला. गोरापान हात, कोपराच्या खोबणीत निळी शीर. यावर मुली सुई टोचायला शिकतात, म्हणाल्या. माझा नवरा जगन तर त्या हातावर भाळलाच. भामा, बघ, म्हणाला, क्लास साधासुधा नाय. मी नुसती मान डोलावली. शिकलेल्या माणसासमोर आमची जीभ टाळ्याला चिकटते, ती घरी आल्यावर सुटते, आणि मग मोरीत भांड्यांची आदळआपट होते.

आमचं गाव जासईच्या जवळ. एका अंगाला कंटेनरच्या थप्प्या, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे उरलेली आमची खारजमीन. बाकीची कुठं गेली म्हणून विचारू नका, तिच्यावरून रोज ट्रेलर जातात. जगन त्यातल्याच एका यार्डाच्या गेटवर दांडा वर-खाली करतो. त्याचा बाप तिथंच भात झोडायचा. आमाला एकच पोरगी. बारावी झाल्यावर तिला उजवायची घाई मी केली नाय. ती म्हणाली मेडिकल असिस्टंटचा कोर्स करते, आमी म्हणालो कर.

हॉस्पिटलात दोन तऱ्हेच्या बाया असतात, ती मला समजवायची. एकीच्या हातात सुई असते आणि दुसरीच्या हातात भांडं. भांडंवालीला आया म्हणतात. ती म्हातारी झाली तरी आयाच, काल आलेली पोर पण तिला अगं-तुगं करते. सुईवालीला सिस्टर म्हणतात. कोर्सच्या शेवटी परीक्षा असते. तिथं माणसाची शीर शोधून, सुई घालून रक्त काढून दाखवायचं. ते जमलं तर असिस्टंट, नाय जमलं तर भांडं हातात घ्या. बाकी सगळं स्नेहलला येत होतं. चादर अशी घालायची की सुरकुती दिसायची नाय. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला कूस बदलून पुसायची, आणि म्हातारी नुसती बघत राहायची. फक्त सुई राहिली होती.

सुई सुरू झाली त्या दिवशी ती उशिरा घरी आली. मी विचारलं, शिकलीस का गो? तर म्हणे, रबरी हात फुटलाय, आतून गळतो, म्हणून मॅडम एकमेकींच्या हातावर शिकवतात. मॅडमनी सगळ्यांना हात पुढं करायला लावले. पनवेलच्या पोरींचे हात मऊ, शिरा कुठं दडलेल्या. हिच्यापाशी आल्या आणि थांबल्याच. लहानपणापासून पाण्याच्या कळशा, भाताचे भारे, खाडीतला चिखल उपसणं, त्या हाताच्या शिरा अशा वर आलेल्या की दिव्याची गरज नाय. मॅडम म्हणाल्या, "वा, काय व्हेन्स आहेत! आंधळ्यालाही सापडतील. बस इथे." आणि हिला खुर्चीत बसवली.

स्नेहल खुशीत सांगत होती. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याच मॅडमनी हिला सगळ्यांपुढं झापली होती, पेशंटसमोर ते हाय-नाय करू नकोस म्हणून. आता त्याच बाई वा म्हणाल्या होत्या. पोरगी हुरळली. दंडाखाली कापूस चिकटवलेला, तो मला हौसेनं दाखवला.

मी म्हणाले, दे. मला कुणी तेव्हा विचारलं असतं तर दहा वेळा हेच सांगितलं असतं. आमच्यात कापणीला हाताची फेड असते. मजूर नाय लावत आमी. आज शेजारची मालू माझ्या शेतात दिवसभर कापते, उद्या मी तिच्या शेतात कापते. तिची सून बाळंत असली तर सुनेच्या जागी माझी पोरगी जाते. हात घेतला तर हात द्यायचा. त्याची कुठं नोंद नसते आणि कुणी आठवण करून देत नाय. द्यायला जो चुकला त्याच्या दारात परत कुणी विळा घेऊन जात नाय. हे आमाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. मी पोरीला म्हणाले, आज तू त्यांना हात दे, तुझी पाळी आली की त्या तुला देतील. यात मी काय चुकीचं सांगितलं?

रोज ती खुर्चीत बसू लागली. रिया म्हणून नवीन पनवेलची एक पोर होती, तिचा हात थरथरायचा. तिला शीर सापडायची नाय तेव्हा ती सुई आतल्या आत फिरवायची. आणि आमची ही येडी तिलाच धीर द्यायची, घाबरू नको, परत कर म्हणायची. एकीचं झालं की दुसरी. डावा हात दुखला की उजवा. हिची पाळी शेवटी. आणि शेवटी सगळ्या आपापल्या पिशव्या उचलून जिना उतरत असायच्या. मॅडम म्हणायच्या, तुझं उद्या नक्की. ते उद्या काय उजाडलं नाय.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती सांगायची नाय. लांब बाहीचे कुर्ते घालायला लागली तेवढं मला दिसलं. मला वाटलं, शहरात जाते, ऊन लागतं.

त्यात आमच्यावर बांध फुटल्याचं संकट आलं. खाडीच्या तोंडावर नव्या रस्त्याचा भराव टाकलाय. पाण्याला जायला जागा नाय, मग ते कुठं जाणार? गणपतीनंतरच्या उधाणाला खारं पाणी बांधाला आतून पोखरत राहिलं आणि एका दुपारी भगदाड पडलं. पोटरीतून निसवून, लोंब्या धरून पिवळं होत आलेलं भात, त्याच्या बुडाशी खारं पाणी उभं राहिलं. बाप्ये सगळे धावले, मातीच्या गोणी टाकल्या, बांध कसाबसा बुजवला. पण पेंढा खालून काळा पडायला लागला. दाणा अजून चांगला होता. पुढच्या अमावास्येच्या उधाणाच्या आत कापून बांधावर घेतलं तर घरात तांदूळ, नायतर चिखल. भराव टाकणाऱ्यांपैकी कुणी बघायला पण आलं नाय. त्यांना कशाला खारं लागतंय?

कापणी म्हणजे ऑक्टोबरचं ऊन वरून आणि चिखल खालून. पाय पोटरीपर्यंत रुततो, काढताना चपकन आवाज येतो आणि कंबरेत कळ जाते. खारानं कडक झालेला पेंढा हाताला कापतो. त्या बारीक चिरांत खारं पाणी गेलं की अशी आग होते की शिव्या आपोआप तोंडात येतात. आमचं शेत मालू, तिचा नवरा आणि दोन सुनांनी हात दिला म्हणून आटपलं. मालू आमच्या भावकीतली, माझ्या बरोबरीची, तोंडानं फटकळ. कापताना तिची बडबड चालू असते, त्यामुळं ऊन कमी लागतं.

मग मालूच्या शेताची फेड आली. मी गेले, जगन रात्रपाळी करून तसाच आला, आणि रविवार होता म्हणून स्नेहल पण आली. लांब बाहीचा कुर्ता घालून. मी म्हणाले, अगो, चिखलात बाह्या कशाला, वर सार. तिनं ऐकलं नाय. ओळीला बसली. थोड्या वेळानं बघते तर माझी ओळ पुढं गेली, मालूच्या सुनांची पुढं गेली, आणि ही मागं. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. विळा डाव्या हातात घेतलेला, आणि उजव्या कोपरानं भाताची पेंडी पोटाशी दाबून धरत होती. माझी पोर, जिच्या हाताला गावात जोड नाय.

मालूनं बघितलं. ती सरळ चिखल तुडवत गेली आणि हिची बाही वर ओढली.

मी पण बघितलं. कोपराच्या आत काळं, त्याच्या भोवती हिरवं, त्याच्या भोवती पिवळं. मधे बारीक बारीक टोचे, काही सुकलेले, काही ताजे. खालचा हात सुजून कातडी ताणलेली. दुसरी बाही वर केली तर तिथं पण तेच. मी तशीच बांधावर बसले.

मालूनं तिचा हात सोडला नाय. मग सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाली, "भामा, पोरगी पनवेलला नक्की काय करते गो?"

झालं. भारे डोक्यावर घेऊन आमी बांधाला लागेपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, जगनची पोर रक्त विकते. दुसरी, ती नशेची सुई घेते, हल्ली पनवेलला पोरी पण घेतात. मालूच्या मोठ्या सुनेनं तर म्हणे कुणाला तरी सांगितलं की तिचे डोळे मला आधीपासून वेगळे वाटत होते. अगो, कालपर्यंत तुझ्या सासूचा बीपी कोण बघत होतं? जगन दुसऱ्या दिवशी गेटवर गेला तर तिथल्या पोरांनी तोंडं वेंगाडून विचारलं, काका, पोरगी बरी हाय ना? तो दांडा तसाच खाली सोडून घरी आला.

दारातून आत पाऊल टाकलं आणि म्हणाला, उद्यापासून क्लास बंद.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, गावानं बोललं म्हणून बंद? गावानं बोलल्यावर तू जमीन द्यायच्या कागदावर सही केलीस, गावानं बोलल्यावर यार्डात गेलास, आता पोरीचं पण गावच ठरवणार का? मी वाईट बोलले, मला कळलं, पण मागं घेतलं नाय. मग आमी दोघं स्नेहलकडं बघायला लागलो. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे, जसे कुणी दुसऱ्याचे असावेत.

मग तिनं सगळं सांगितलं. रडत बिडत नाय, तोंड आवळून. मी सगळ्यांना हात दिला आणि मला अजून कुणी दिला नाय. मी माणसाच्या अंगात सुई एकदाही घातली नाय, आई.

मी विचारलं, मॅडमना सांगितलंस का? म्हणाली, सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तू बसून बघतेस ना, बघूनच माणूस शिकतो.

जगन एवढंच म्हणाला, परीक्षेला तरी देतील ना? तिनं हो म्हटलं. रियानं कबूल केलंय म्हणाली. परीक्षा जोडीनं असते, तू तिला टोचायचं, तिनं तुला. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी फेडतात. माणसंच हायत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अल्फियाचा फोन आला. अल्फिया तिच्या वर्गातली, पनवेलच्या मोहल्ल्यातली, बारीकशी पोर. सगळ्या वर्गात ती एकटी होती जी टोचायच्या आधी विचारायची, चालेल का गं म्हणून. फोन स्पीकरवर होता, मी भाकरी थापत होते. अल्फिया म्हणाली, "स्नेहल, खुदा कसम, तुला सांगायला मला शरम वाटतेय. सगळ्यांनी जोड्या लावल्या. रियानं दुसरीबरोबर लावली. मी तुझं नाव घेतलं तर मॅडमनी मला हेतलबरोबर टाकली. तुला बाजूला बसवणार आहेत. कुणाची शीर चुकली तर दुसरा हात म्हणून."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. ती जळली. त्या बायका, त्या पोरी, त्यांनी हिच्या हातावर शिकून घेतलं आणि वर परीक्षेला पण हिचाच हात राखून ठेवला. आणि हिच्या पाळीला? हिची पाळीच ठेवली नाय. असं आमच्यात कुणी केलं असतं तर त्याच्या मयताला पण लोक लांबून गेले असते. माझा तिळपापड होत होता आणि स्नेहल शांत बसली होती. ते मला जास्त लागलं.

मी म्हणाले, उद्या मी येते. ती म्हणाली, आई, तिथं आयांना आत घेत नाय. मी म्हणाले, बघू कोण अडवतो.

सकाळी आमी मिनीडोर रिक्षानं निघालो. मी धुतलेलं लुगडं नेसले, पण पायाच्या भेगांतला चिखल काय जात नाय, तो तसाच होता. क्लास पनवेलच्या जुन्या बाजारात, खाली मोबाईलचं दुकान, वर जिना. जिन्यात सगळ्या पोरी पांढऱ्या कपड्यांत उभ्या. स्नेहलला बघून काहीजणी भिंतीवरचा रंग बघायला लागल्या. रिया मोबाईल बघायला लागली. मी वर गेले तशा आशालता मॅडम दारात आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, आई, तुम्ही खाली थांबा हां, गर्दी होते. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात, जिना परत उतरवत नाय. आणि दारातच, उंबऱ्याला टेकून बसले. त्यांना माझ्या पायाजवळून साडी उचलून आत जावं लागलं.

बाहेरून परीक्षक आले होते, एक वयस्क डॉक्टर. वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता, सारखा घड्याळ बघत होता. एकेक जोडी आत येत होती. खुर्चीत बसायचं, पट्टा बांधायचा, स्पिरिट लावायचं, सुई. पोरींचे हात सराईत चालत होते. का नाय चालणार? माझ्या पोरीच्या कातडीवर घटवलेले होते ते. रियानं तर एका फटक्यात रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, व्हेरी गुड, कुणी शिकवलं? मॅडम हसल्या.

कुणाची शीर चुकली नाय. म्हणून स्नेहलला कुणी बोलावलंच नाय. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. शेवटची जोडी झाली तशी डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मॅडम चहाचं विचारायला लागल्या.

स्नेहल उठली. म्हणाली, "सर, माझी परीक्षा राहिली."

डॉक्टरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आवाज खाली केला आणि त्यांना सांगितलं की ही मुलगी जरा वीक आहे, प्रॅक्टिस झालेली नाही, पुढच्या बॅचला बसवू. वीक! मी दारातून म्हणाले, ती वीक कशी झाली ते पण सांगा. डॉक्टरांनी वळून माझ्याकडं बघितलं, बहुतेक मी झाडूवाली हाय असं त्यांना वाटलं असावं. पण पेनाचं टोपण परत काढलं. ठीक आहे, म्हणाले, घेऊन टाकू. हिची जोडी कोण?

कोणच नाय. खोलीत एवढ्या पोरी आणि सगळ्यांची मान खाली. एकजण म्हणाली, ती फर्स्ट टाइम करतेय, मला नको बाबा. तिनं हे स्नेहलसमोर म्हटलं. स्नेहलनं ऐकलं. मी पण ऐकलं. मला वाटलं, उठून एकेकीची वेणी धरावी.

अल्फिया पुढं आली, बाही वर करत म्हणाली, मी बसते. तर मॅडमनी तिला हातानं थांबवलं. तुला आत्ताच टोचलंय, म्हणाल्या, एका दिवसात एकीला परत टोचायचं नाही, नियम आहे.

तो नियम ऐकून स्नेहलच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाय. इतके दिवस ती शांत होती. तिनं दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"मग हा नियम माझ्या हातांना कुणी सांगितला नाय का?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. हात बघितले. मॅडम लगेच म्हणाल्या, तिनं स्वतःहून दिले सर, व्हॉलंटियर केलं, मी कुणावर फोर्स करत नाही. डॉक्टर अस्वस्थ झाले, खुर्चीत हलले, आणि घड्याळ बघून म्हणाले, बाई, काहीतरी करा, मला निघायचंय. एवढंच. एवढे हात बघून एवढंच.

मग माझ्याच्यानं बसवेना. मी उठले, सगळ्या पोरींमधून वाट काढत खुर्चीपाशी गेले आणि बसले. बांगड्या मागं सारल्या, हात पुढं केला. माझ्या हाताच्या शिरा तर हिच्याहून जाड, आयुष्यभर भारे उचललेले. म्हणाले, टोच पोरी. माझ्यावर टोच. दहा वेळा चुकलीस तरी मी हलणार नाय.

स्नेहल माझ्याकडं बघत राहिली. तिच्या हातात रबरी पट्टा होता. मला वाटलं, बांधेल. तिनं माझा हात उचलला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"नाय आई. परत आपलाच हात?"

तिनं मला दंडाला धरून उठवलं, अगदी हळू, जशी ती पेशंटना उठवायची. आणि मग आशालता मॅडमकडं वळली.

"मॅडम, तुमच्या नियमानं बघा. या सगळ्यांना आज एकेकदा टोचून झालंय. तुमाला कुणी टोचलं नाय. तुमी बसा."

पोरींत कुजबूज झाली आणि थांबली. मॅडम हसल्या, पण ते हसू अर्ध्यात राहिलं. माझ्या शिरा बारीक आहेत, म्हणाल्या. स्नेहल म्हणाली, शोधीन. मॅडम म्हणाल्या, मी टीचर आहे. स्नेहल म्हणाली, बघून शिकता येत असतं तर मी पण पास झाले असते. मॅडमनी पर्स उचलली आणि दाराकडं वळल्या. तोपर्यंत मी दारात परत जाऊन उभी राहिले होते. दोन्ही हात चौकटीला. त्यांना माझ्या काखेखालून वाकून जावं लागलं असतं, आणि ते त्यांच्यानं होणार नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बसा हो मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे." त्यांना न्याय बिय काय करायचा नव्हता, त्यांना घरी जायचं होतं. पण बोलले खरे.

मॅडम बसल्या. सोन्याची बांगडी वर सारली. मऊ, गोरा हात, अगदी त्या कपाटातल्यासारखा, फक्त शीर दिसत नव्हती. स्नेहलनं पट्टा बांधला. बोटानं चाचपलं. वेळ लागला. तिचा स्वतःचा सुजलेला उजवा हात अजून नीट वळत नव्हता, ती तो डाव्या हातानं आधार देऊन धरत होती. सुई आत घातली. रक्त आलं नाय.

"आई गं," मॅडम म्हणाल्या, "काढ, काढ ती."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. स्नेहलनं सुई काढली. नवी घेतली. तिच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता, तो पुसायला तिला हात नव्हता. अल्फिया पुढं झाली आणि आपल्या ओढणीनं तिनं तो पुसला. स्नेहलनं परत चाचपलं, यावेळी जरा बाजूला, आणि घातली. सुईच्या मागच्या नळीत काळपट लाल थेंब आला, मग सरसर भरायला लागला. डॉक्टरांनी वाकून बघितलं, पास असं तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि आपली बॅग उचलली. मी त्यांना वाट दिली. पोरी पण एकेक करत त्यांच्यामागं सटकल्या. रिया माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं सॉरी काकी म्हटलं. मी तिच्याकडं बघितलं पण नाय.

मॅडम खुर्चीतच होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे लाल. स्नेहलनं पट्टा सोडला, सुई काढली, कापूस लावला. मॅडम दात दाबून, फक्त तिला ऐकू जावं असं म्हणाल्या, पनवेलातलं कुठलं हॉस्पिटल तुला ठेवतं तेच मी बघते. मला पण ऐकू आलं. आणि मला ठाऊक होतं की ते खरं हाय. त्यांची सगळीकडं ओळख, आमची कुठंच नाय.

स्नेहलनं सुई डब्यात टाकली. तिचा आवाज जराही चढला नाय.

"बघा मॅडम," ती म्हणाली. "पण आधी तो कापूस नीट दाबून धरा. नाय धरलात तर काळंनिळं होतं. मला म्हाईत हाय."

मॅडमनी कापसावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.